रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची जनुकीय चाचणी : कोणती घ्यावी, कोणती टाळावी

मोठ्या पॅथॉलॉजी लॅबच्या यादीत हल्ली तीन गोष्टी दिसतात. एक, क्लोपिडोग्रेलसाठी सीवायपी२सी१९ या जनुकाची चाचणी. दोन, वॉरफरिनसाठी सीवायपी२सी९ आणि व्हीकेओआरसी१ या जनुकांचं पॅनेल. तीन, पन्नास-शंभर औषधांबद्दल एकदम सांगणारं मोठं पॅनेल, जे बहुतेक वेळा ‘वेलनेस’ पॅकेजमध्ये घालून विकलं जातं. अँजिओप्लास्टी झालेले, झडप बदललेले किंवा अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक यातलं नेमकं काय घ्यावं, असं विचारत असतात. त्यांच्यासाठी हे परीक्षण.

आमचं मत आधीच सांगतो. क्लोपिडोग्रेलची चाचणी वेळेवर केली तर पैसे सार्थकी लागतात. वॉरफरिनचं पॅनेल मोजक्या रुग्णांना उपयोगी पडतं, तेही गोळी सुरू करण्याआधी किंवा पहिल्या दोन-चार दिवसांत रिपोर्ट हाती आला तरच. अ‍ॅसिट्रॉम (ही वॉरफरिनच्याच जातीची दुसरी गोळी) घेणाऱ्या माणसाला वॉरफरिनचं पॅनेल विकणं मात्र आम्हाला अजिबात पटत नाही आणि आपल्याकडे नेमकं तेच सर्वांत जास्त होतं. मोठं पॅनेल निव्वळ या गोळ्यांसाठी घेऊ नये.

सुरुवातीलाच एक घोळ दूर करायला हवा. घराघरांत ज्यांना ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतात, त्या दोन वेगळ्या जातींच्या गोळ्या आहेत. क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल, टिकाग्रेलॉर आणि अ‍ॅस्पिरिन रक्तातल्या प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाहीत. त्या स्टेंट आणि धमन्यांच्या आजारासाठी असतात. वॉरफरिन आणि अ‍ॅसिनोकुमारॉल, म्हणजे आपल्याकडचं अ‍ॅसिट्रॉम, यकृतात व्हिटॅमिन केच्या मदतीने तयार होणारे गोठण्याचे घटक कमी करतात. ती कृत्रिम झडप, झडपेचा संधिवाती आजार, पायातल्या शिरेतली गुठळी यांसाठी असतात. दोन्हींची जनुकं वेगळी, रिपोर्ट वेगळा, त्यावरून घ्यायचे निर्णयही वेगळे. क्लोपिडोग्रेलवर असलेल्या रुग्णाने वॉरफरिनचं पॅनेल करून आणलं तर त्या कागदाचा काहीही उपयोग नाही.

क्लोपिडोग्रेलची चाचणी

क्लोपिडोग्रेलची गोळी गिळतो तेव्हा ती निष्क्रिय असते. शोषलेल्या औषधातला सुमारे ८५ टक्के भाग एस्टरेझ जातीची एन्झाइम्स परस्पर निकामी करून टाकतात. उरलेल्या १५ टक्क्यांचं यकृतात दोन टप्प्यांत खऱ्या औषधात रूपांतर होतं आणि या कामात सीवायपी२सी१९ या एन्झाइमचा वाटा मोठा आहे. ते एन्झाइम ज्याच्याकडे कमी बनतं किंवा बनतच नाही, तो रुग्ण रोज न चुकता ७५ मिलिग्रॅमची गोळी घेत असला तरी प्लेटलेट्सवर हवा तेवढा परिणाम होत नाही. वरून काहीही कळत नाही. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणाऱ्या आयएनआरसारखी एखादी नेहमीची तपासणी इथे नाही, म्हणून जनुकीय चाचणीला किंमत आहे.

रिपोर्टमध्ये *१, *२, *३, *१७ अशा खुणा येतात. प्रत्येक माणसाकडे जनुकाच्या दोन प्रती, म्हणून *१/*२ अशी जोडी लिहितात. *१ ही नेहमीसारखं काम करणारी प्रत. *२ आणि *३ या काम न करणाऱ्या प्रती. *१७ जादा काम करणारी. एक बिघडलेली प्रत असेल तर ‘इंटरमीडिएट मेटाबोलायझर’, दोन्ही बिघडलेल्या असतील तर ‘पुअर मेटाबोलायझर’. *२/*१७ ही जोडी पाहून ‘एक वजा, एक अधिक, म्हणजे सगळं ठीक’ असा अर्थ लावू नये. *१७मुळे *२चं नुकसान पूर्ण भरून निघत नाही, त्यामुळे ही जोडीही इंटरमीडिएटच धरतात.

दक्षिण आशियाई लोकांत *२चं प्रमाण युरोपीय लोकांपेक्षा बरंच जास्त आहे. आपल्याकडे साधारण निम्म्या लोकांकडे किमान एक बिघडलेली प्रत सापडते आणि शंभरातले आठेक पुअर मेटाबोलायझर असतात. त्यामुळे ‘हा दुर्मीळ प्रकार आहे, तुम्हाला कशाला हवा’ हे वाक्य भारतीय रुग्णाच्या बाबतीत चुकीचं आहे.

त्याने काय बिघडतं? २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात, ज्यात बहुतेक रुग्ण अँजिओप्लास्टीचे होते, स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका एक बिघडलेली प्रत असलेल्यांत २.६७ पट आणि दोन असलेल्यांत ३.९७ पट निघाला. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने क्लोपिडोग्रेलच्या माहितीपत्रकावर पुअर मेटाबोलायझरसाठी चौकटीतला इशारा छापायला लावला. पुढे दोन मोठे तुलनात्मक अभ्यास झाले. २०१९च्या पॉप्युलर जेनेटिक्समध्ये २,४८८ रुग्ण होते. त्यात जनुक पाहून ज्यांना क्लोपिडोग्रेल चालतं त्यांना ते दिलं, बाकीच्यांना जोरदार गोळ्या (टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल) दिल्या. गुठळ्यांच्या बाबतीत हा मार्ग सगळ्यांना जोरदार गोळी देण्यापेक्षा कमी पडला नाही आणि रक्तस्राव १२.५ टक्क्यांवरून ९.८ टक्क्यांवर आला. २०२०च्या टेलर-पीसीआयमध्ये बिघडलेली प्रत असलेल्यांना जनुक पाहून गोळी दिल्यावर वर्षभरातल्या गंभीर घटना ५.९ टक्क्यांऐवजी ४.० टक्के झाल्या, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला तो फरक थोडक्यात उतरला नाही. म्हणूनच ‘सरसकट सगळ्यांची करा’ आणि ‘कुणाचीच करू नका’ हे दोन्ही पक्ष आजही आपापल्या जागी ठाम आहेत. आमच्या मते भारतीय रुग्णासाठी, जिथे निम्मे लोक या गटात येतात, पारडं चाचणीच्या बाजूने झुकतं.

पण कोणत्या रुग्णासाठी, हे महत्त्वाचं. हार्ट अटॅकनंतर टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल सुरूच असेल तर चाचणीची घाई नाही, कारण या दोन्ही गोळ्यांचा परिणाम सीवायपी२सी१९वर अवलंबून नाही. तिथे चाचणीचा उपयोग उलट बाजूने होतो. काही दिवसांनी हिरड्यांतून रक्त, अंगावर काळे-निळे डाग, टिकाग्रेलॉरमुळे लागणारा दम यांसाठी गोळी सौम्य करायची असेल, तर क्लोपिडोग्रेलवर आणणं सुरक्षित आहे का, हे रिपोर्ट सांगतो. ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीनंतर थेट क्लोपिडोग्रेल सुरू होणार असेल, स्टेंट लांब किंवा एकापेक्षा जास्त असतील, डाव्या मुख्य धमनीत स्टेंट असेल किंवा गोळी चालू असताना स्टेंट बंद पडला असेल, तर चाचणी जरूर करावी.

मेंदूच्या झटक्याच्या रुग्णांसाठी तर ती आणखी मोलाची आहे. चीनमधल्या चान्स-२ या २०२१च्या अभ्यासात सौम्य झटका किंवा टीआयए (थोड्या वेळात आपोआप ओसरणारा झटका) झालेल्या, बिघडलेली प्रत असलेल्या ६,४१२ रुग्णांना टिकाग्रेलॉर किंवा क्लोपिडोग्रेल दिलं. नव्वद दिवसांत पुन्हा झटका येण्याचं प्रमाण टिकाग्रेलॉरवर ६.० टक्के, तर क्लोपिडोग्रेलवर ७.६ टक्के होतं. गंभीर आणि मध्यम रक्तस्राव सारखाच होता, किरकोळ रक्तस्राव मात्र टिकाग्रेलॉरवर जास्त झाला. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२४मध्ये अशा रुग्णांना क्लोपिडोग्रेल देण्याआधी सीवायपी२सी१९ तपासायला सांगितलं. इथे एक इशारा पक्का लक्षात ठेवावा : पूर्वी झटका किंवा टीआयए होऊन गेलेल्याला प्रासुग्रेल देत नाहीत. रिपोर्टच्या तळाशी संगणकाने छापलेलं ‘पर्यायी औषध : प्रासुग्रेल किंवा टिकाग्रेलॉर’ हे वाक्य रुग्णाचा इतिहास न बघता छापलेलं असतं.

खर्चाचा मुद्दा पूर्वी अडवत असे. टिकाग्रेलॉरचं पेटंट संपलं, देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किंमत उतरली. त्यामुळे रिपोर्ट खराब आला तरी करायचं काय, हा प्रश्न आता तितका अवघड नाही. ‘मग क्लोपिडोग्रेलचा डोस वाढवा’ हा सल्ला मात्र अर्धवट आहे. एक *२ प्रत असलेल्यांत रोज २२५ मिलिग्रॅम दिल्यावर सामान्य माणसाला ७५ मिलिग्रॅमने होतो तेवढा परिणाम मिळाला. दोन्ही प्रती *२ असलेल्यांत ३०० मिलिग्रॅमनेही तो साधला नाही.

रिपोर्ट चांगला आला म्हणून निर्धास्त राहता येत नाही. ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल या अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या हेच एन्झाइम दाबतात. *१/*१ असलेला रुग्ण रोज सकाळी ओमेप्राझोल घेत असेल तर कागदावर सामान्य आणि प्रत्यक्षात कमी, अशी अवस्था होते. क्लोपिडोग्रेलसोबत पॅन्टोप्राझोल बरं. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल डॉक्टरांना सांगायची राहते, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

वॉरफरिनचं पॅनेल

इथे दोन जनुकं दोन वेगळ्या जागी काम करतात. व्हीकेओआरसी१ हे वॉरफरिनचं लक्ष्य. त्याच्या -१६३९ या जागी डीएनएच्या जी या अक्षराऐवजी ए असेल तर शरीर ते लक्ष्य कमी बनवतं आणि थोड्या गोळीतच काम होतं. सीवायपी२सी९ हे औषध मोडणारं एन्झाइम. *२ आणि *३ प्रती असतील तर औषध शरीरात साठत जातं. वॉरफरिन एस आणि आर अशा दोन रूपांचं मिश्रण असतं; त्यातला एस हा भाग जास्त प्रभावी असतो आणि नेमका तोच या एन्झाइमवर अवलंबून आहे.

फरक किती पडतो, हे आंतरराष्ट्रीय वॉरफरिन फार्माकोजेनेटिक्स कन्सॉर्शियमच्या २००९च्या सूत्रात आकडे घालून बघता येतं. वय ५०, उंची १६० सेंटिमीटर, वजन ६० किलो, वंश आशियाई, सोबत दुसरं औषध नाही. जीजी (दोन्ही प्रतींत जी) आणि *१/*१ असेल तर आठवड्याला सुमारे ४० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला पावणेसहा. एजी आणि *१/*३ असेल तर दिवसाला तीन. एए आणि *३/*३ असेल तर दिवसाला पाऊण मिलिग्रॅम. त्याच वयाच्या, त्याच वजनाच्या तीन माणसांत इतकं अंतर! अशा तिसऱ्या माणसाला पाच मिलिग्रॅमने सुरुवात केली तर पहिल्या आठवड्यातच आयएनआर धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतो.

याच कन्सॉर्शियमच्या दुसऱ्या सूत्रात भारतीयांसाठी एक खड्डा आहे, जो लॅबच्या रिपोर्टमध्ये कुणी दाखवत नाही. जनुकांची माहिती नसताना वापरायच्या सूत्रात ‘आशियाई’वर खूण केली की डोस बराच खाली येतो. वरच्याच माणसाला दिवसाला सव्वातीन मिलिग्रॅमच्या आसपास उत्तर मिळतं. कारण त्या आकड्यांमागचे आशियाई रुग्ण मुख्यतः पूर्व आशियातले होते. त्यांच्यात व्हीकेओआरसी१ची ए प्रत बहुसंख्य. आपल्याकडे बहुतेक लोक जीजी. म्हणजे जनुक न बघता वंशावर खूण करणारा भारतीय रुग्ण बऱ्याचदा कमी डोसवर अडकतो. वॉरफरिनडोसिंग डॉट ऑर्ग हे मोफत गणकयंत्र वापरणाऱ्या निवासी डॉक्टरांनीही हे ध्यानात ठेवावं.

एवढा फरक असूनही पॅनेलला आम्ही पैकीच्या पैकी गुण देत नाही, कारण रुग्णांवरच्या अभ्यासांचे निकाल संमिश्र आहेत. २०१३मध्ये एकाच वेळी आलेल्या दोन अभ्यासांपैकी युरोपच्या ईयू-पॅक्टमध्ये आयएनआर योग्य पट्ट्यात राहण्याचा काळ ६०.३ टक्क्यांवरून ६७.४ टक्क्यांवर गेला. अमेरिकेच्या कोअ‍ॅगमध्ये ४५.२ आणि ४५.४, म्हणजे काहीच फरक नाही. ईयू-पॅक्टमधल्या तुलनेच्या गटाला ठरावीक डोस दिला होता, कोअ‍ॅगमध्ये वय-वजनाच्या सूत्राने काढलेला. शिवाय कोअ‍ॅगमध्ये सुमारे एक चतुर्थांश रुग्ण कृष्णवर्णीय होते आणि त्यांच्यात आढळणारे बदल पॅनेलमध्ये नव्हते. २०१७च्या गिफ्ट चाचणीत गुडघा-खुब्याच्या शस्त्रक्रियेच्या ६५ वर्षांवरच्या रुग्णांत गंभीर घटना १४.७ टक्क्यांवरून १०.८ टक्क्यांवर आल्या. थोडक्यात, वय, वजन आणि बाकीची औषधं नीट बघून डोस ठरवणारा डॉक्टर असेल आणि आयएनआर वेळेवर होत असेल तर पॅनेलची भर थोडी पडते. या दोन्ही गोष्टी नसतील तर पॅनेल त्यांची जागा घेत नाही.

वर्षानुवर्षं वॉरफरिन घेऊन आयएनआर स्थिर असलेल्या माणसाने हे पॅनेल करू नये. त्याचा डोस म्हणजेच त्याच्या जनुकांचं, खाण्याचं आणि बाकी औषधांचं एकत्रित उत्तर आहे. आयएनआर अचानक वर-खाली होऊ लागला तर जनुक बदललेलं नसतं. मागे बघावं : नवं अँटिबायोटिक, मेट्रोनिडॅझोल, फ्लुकोनॅझोल, अमिओडॅरोन सुरू झालं का? टीबीसाठी रिफाम्पिसिन सुरू झालं असेल तर डोस कित्येक पट लागू शकतो आणि ते बंद केल्यावर तोच डोस जीवघेणा ठरतो. मेथी, पालक, अळू, शेपू बंद करायची गरज नाही. आठवड्याचं प्रमाण सारखं ठेवायला हवं.

अ‍ॅसिट्रॉमवर असाल तर

महाराष्ट्रात झडपेच्या रुग्णांना वॉरफरिनपेक्षा अ‍ॅसिनोकुमारॉल जास्त वेळा लिहून मिळतं. दोन्ही गोळ्या एकाच जातीच्या, पण वागणं वेगळं. वॉरफरिनचं अर्धायुष्य दीड दिवसाच्या आसपास, अ‍ॅसिनोकुमारॉलचं आठ ते अकरा तास. त्याचा एस भाग सामान्य माणसात इतक्या झपाट्याने मोडतो की मुख्य काम आर भागच करतो. *३ प्रत असलेल्यात मात्र एस भागही टिकतो आणि परिणाम वाढतो. म्हणून वॉरफरिनचा तक्ता अ‍ॅसिनोकुमारॉलला लावता येत नाही. मिलिग्रॅमला मिलिग्रॅम असा हिशेब तर मुळीच नाही.

तरीही ‘वॉरफरिन सेन्सिटिव्हिटी’ या शीर्षकाखाली ‘सुचवलेला डोस ५ ते ७ मिलिग्रॅम’ असं छापून आलेले रिपोर्ट अ‍ॅसिट्रॉमच्या रुग्णांच्या फायलीत सापडतात. हा आकडा एफडीएच्या वॉरफरिनच्या तक्त्यातला आहे. कुणी तो शब्दशः पाळून अ‍ॅसिट्रॉम घेतलं तर मेंदूत रक्तस्राव होण्याइतकी चूक होऊ शकते. लॅबने अ‍ॅसिनोकुमारॉलसाठी वेगळा मजकूर दिला नसेल, तर त्या रिपोर्टमधल्या फक्त जोड्या वाचाव्यात, डोसाचा रकाना खोडून टाकावा. नेदरलँड्सच्या औषधशास्त्र गटाच्या शिफारशीत व्हीकेओआरसी१च्या दोन्ही प्रती ए असतील तर अ‍ॅसिनोकुमारॉलची सुरुवात नेहमीच्या निम्म्या डोसने करायला आणि आयएनआर वरचेवर बघायला सांगितलं आहे. आपल्याकडे ही जोडी थोड्याच लोकांत सापडते. ईयू-पॅक्टच्याच अ‍ॅसिनोकुमारॉल-फेनप्रोकुमॉन (याच जातीची आणखी एक गोळी) गटात बारा आठवड्यांअखेर जनुक पाहून विशेष फायदा दिसला नाही. हे पैसे आयएनआरच्या जादा तपासण्यांवर खर्च करावेत.

‘मग नव्या गोळ्या का नाही, ज्यांना आयएनआर लागत नाही?’ हा प्रश्न येतोच. कृत्रिम धातूच्या झडपेवर डाबिगाट्रान घातक ठरलं, हे २०१३च्या री-अलाइन चाचणीत कळलं. संधिवाती हृदयरोगासोबत अनियमित ठोके असलेल्या रुग्णांत रिव्हारॉक्सबान जुन्या गोळ्यांपेक्षा कमी पडलं, हे २०२२च्या इन्व्हिक्टसने दाखवलं. अशा रुग्णांना अ‍ॅसिट्रॉम किंवा वॉरफरिनच घ्यावं लागतं.

नमुना, लॅब आणि रिपोर्ट

उपाशीपोटी जायची गरज नाही, गोळी बंद करायची तर नाहीच. स्टेंट असलेल्याने चाचणीसाठी क्लोपिडोग्रेल थांबवणं हा थेट जिवाशी खेळ आहे. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत दोन ते चार मिलिलिटर रक्त पुरतं. हिरव्या झाकणाची हेपॅरिनची नळी चालत नाही, हेपॅरिन पीसीआरमध्ये, म्हणजे जनुकाच्या प्रती वाढवण्याच्या प्रक्रियेत, अडथळा आणतं. गालाच्या आतून काडीने नमुना घेणार असतील तर आधी अर्धा तास खाणं, चहा, पान, तंबाखू, मिश्री बंद. नमुना नापास होण्याचं हे नेहमीचं कारण आहे आणि पुन्हा बोलावण्यात आठवडा जातो.

बोन मॅरो बदललेल्या रुग्णाच्या रक्तातलं जनुक दात्याचं असतं, यकृत मात्र त्याचं स्वतःचं. यकृत बदललेल्या रुग्णाचं नेमकं उलट. दोघांच्याही रक्तावरचा रिपोर्ट दिशाभूल करतो. कलेक्शन सेंटरच्या अर्जावर हे लिहायला जागा नसेल तर हाताने लिहावं.

लॅब निवडताना एनएबीएलचा, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचा, शिक्का बघून थांबू नये. मॉलिक्युलर चाचण्या त्या मान्यतेत येतात का, नमुना दुसऱ्या शहरात जातो का आणि रिपोर्ट किती दिवसांत मिळेल, हे तीन प्रश्न विचारावेत. स्टेंटनंतरचे पहिले आठवडे सर्वांत धोक्याचे; तीन आठवड्यांनी आलेला रिपोर्ट त्या काळात कुणाला वाचवत नाही. ठरवून अँजिओप्लास्टी होणार असेल तर तारीख घेतानाच नमुना द्यावा.

चांगल्या रिपोर्टवर कोणते बदल तपासले ते नावानिशी लिहिलेलं असतं. *१ याचा अर्थ ‘तपासलेल्या यादीतलं काही सापडलं नाही’ एवढाच. फक्त *२ तपासून ‘नॉर्मल’ लिहिणारा रिपोर्ट अपुरा आहे. किमान *२, *३ आणि *१७ हवेत. व्हीकेओआरसी१चा निकाल काही ठिकाणी जी-एऐवजी सी-टी असा येतो, कारण डीएनएच्या समोरच्या धाग्यावरून वाचलेला असतो. तिथे टी म्हणजे ए. टीटीला घाबरून किंवा सीसीला न समजून चुकीचा डोस काढला जाऊ नये.

मोठ्या पॅनेलमध्ये या गोळ्यांपुरती हीच तीन जनुकं असतात, बाकी पानं दुसऱ्या औषधांनी आणि आहार-व्यायामाच्या सल्ल्याने भरलेली. मात्र सीवायपी२सी१९चा एकदा मिळालेला निकाल जन्मभर तोच राहतो आणि एस्सिटॅलोप्रॅम, व्होरिकोनॅझोल, ओमेप्राझोल यांच्यासाठीही कामी येतो. म्हणून त्याची जोडी डिस्चार्ज कार्डाच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावी, मोबाइलमध्ये फोटो ठेवावा. पुअर मेटाबोलायझर निघालेल्या रुग्णाच्या सख्ख्या भावंडांतही तीच जोडी असण्याची शक्यता किमान चारात एक असते. त्यांच्यापैकी कुणाची अँजिओप्लास्टी ठरली तर कार्डिऑलॉजिस्टना ही गोष्ट आधी सांगावी.